दोन पॉइंट शहात्तर

हार्मन्स ग्रोव्ह, इलिनॉय
२ ऑगस्ट १९९७

एल्विन,

नाताळच्या कार्डाखेरीज तुला काही लिहायची ही माझी बहुतेक पहिलीच वेळ. लष्करात माझे रजेचे अर्जसुद्धा तूच लिहून द्यायचास, त्यामुळे हाताला सवय लागलीच नाही. अक्षर लागेल तसं लाव.

काम एवढंच. माझी एकोणसत्तरची डॉज तुला आठवत असेल. ३८३चं इंजिन, मागे ३.९१चा गिअर. शर्यतीच्या पट्टीवर पाव मैलात उडी मारायला हा गिअर उत्तम. तेव्हा तूही हेच म्हणाला होतास. पण आता मला हायवेनं लांब जायचंय. पासष्टच्या वेगाला इंजिन मिनिटाला एकतीसशे फेरे घेतं आणि आत बसलेल्याला स्वतःचं नाव ऐकू येत नाही. जायचंय कोलोरॅडोत, आर्व्हाडाला. साडेनऊशे मैल. बायको, मार्लिस, मार्चपासून तिथे बहिणीकडे आहे. बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.

तू जन्मभर मागचे गिअरच बसवत आलास. मला एक आकडा सांग. पोस्टकार्डावर मावेल.

गेलन

•

रोझ क्रीक, कॅन्सस
९ ऑगस्ट

प्रिय गेलन,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी आणि एकदा दुकानात वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून. माझा भाऊ रोलंड, ज्याच्याबरोबर हे दुकान वीस वर्षं चालवलं, तो एप्रिलात फ्लोरिडाला राहायला गेला. सांध्यांना ऊब हवी म्हणाला. जाताना रेडिओ घेऊन गेला. तो त्याचाच होता, तक्रार नाही. फक्त आता गिअरचे दात मोजताना मला माझाच आवाज ऐकू येतो, आणि मी फार मोठ्यानं मोजतो असं लक्षात आलंय.

"एक आकडा सांग" म्हणतोस. वैद्याला कुणी "एक गोळी सांगा" असं पोस्टकार्ड टाकतं का? नाडी कुठाय? लष्करातून सुटल्यावर तीन वर्षं मी विद्यापीठात संस्कृत शिकलो, मग वडिलांना अर्धांगवायू झाला आणि परत येऊन ग्रीसमध्ये हात घातले, ते अजून बाहेर निघालेले नाहीत. गावात मला प्रोफेसर म्हणतात. ती पदवी नव्हे, टोमणा आहे. पण त्या तीन वर्षांनी एक खोड लावली: प्रमाण हाती आल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही.

तेव्हा प्रमाण दे. गाडी न्यूट्रलमध्ये घाल, मागे जॅक लाव. टायरवर खडूची एक रेघ ओढ, मधल्या लांब शाफ्टवर दुसरी. चाक हातानं बरोबर एकदा फिरव आणि तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोज. जेवढे फेरे, तेवढा गिअर. कागदोपत्री काय लिहिलंय ते मला नको. इतक्या वर्षांत त्या पोटात कुणी काय घातलं असेल, देव जाणे. टायरची उंचीही मोज, जमिनीपासून.

आणि नकाशा उघडलास तर दिसेल की इलिनॉयहून कोलोरॅडोला जाणारा रस्ता माझ्या दारापासून चार मैलांवरून जातो. आपण शेवटचे एकोणऐंशी साली भेटलो. मी कॉफी आता बरी करतो.

तुझा
एल्विन

•

हार्मन्स ग्रोव्ह
२० ऑगस्ट

एल्विन,

केलं तुझ्या म्हणण्यासारखं. गुडघे सोलवटले. टायर सत्तावीस इंच. चाक एकदा फिरवलं की शाफ्ट दोन फेऱ्यांना जरा कमी फिरतो. तीनदा मोजलं. एक पॉइंट पंचाण्णव धर. आता असा गिअर जगात कुणी बनवत नाही हे मलाही कळतं. सत्तावीस वर्षं मी काय चालवतोय मग, ट्रॅक्टर?

मार्लिसशी रविवारी फोनवर बोललो. तिच्या बहिणीनं उचलला होता. म्हणाली, "थांब हं, तिला बोलावते," आणि स्वतः जिन्यावरून धावत गेली. मला पावलं ऐकू आली.

आकडा पाठव.

गेलन

•

रोझ क्रीक
२७ ऑगस्ट

प्रिय गेलन,

तू जॅक एकाच चाकाखाली लावलास. नाही म्हणू नकोस. चाळीस वर्षांत अमेरिकेतल्या प्रत्येक शेडमध्ये प्रत्येक पुरुषानं हीच चूक केलेली आहे, आणि प्रत्येकानं तीनदा मोजून केलेली आहे. दुसरं चाक जमिनीवर टेकलेलं असलं की डिफरन्शियल अर्धंच उत्तर देतं. दुप्पट कर. तीन पॉइंट एक्क्याण्णव. तुझी गाडी निर्दोष आहे.

ती अर्धंच सांगते, यात तिचा दोष नाही म्हणा, धन्याचं वळण आहे. मार्चमध्ये खुबा बदललेली बाई ऑगस्टात जिन्यावरून धावते. म्हणजे शुश्रूषा संपून बराच काळ लोटला. मी विचारत नाही. फक्त एक चाक अजून जमिनीला टेकलेलं दिसतंय, एवढं नोंदवतो.

आता गिअर. तुला ३.२३ सांगणारे पुष्कळ भेटतील; तो मध्यममार्ग आहे, आणि मध्यममार्गी लोकांसारखाच तो कुणालाच पुरता उपयोगी पडत नाही. पासष्टला सव्वीसशे फेरे. बोलता येईल, पण ओरडून. तुझ्या इंजिनात ताकद इतकी आहे की सिग्नलवरून ते आरामात हलेल, त्याला खालून ढकलणाऱ्या गिअरची गरज नाही. तू २.७६ घाल. पासष्टला बावीसशे. सुटताना ती पूर्वीसारखी उसळणार नाही, याचं तुला वाईट वाटेल. मग एक दिवस वाटेनासं होईल.

नवा क्राउन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांची जोडी, मी आजच मागवतो, आला की खोक्यात घालून धाडतो. मात्र नव्या दातांना एकमेकांची ओळख व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला वीस मैल जायचं, अर्धा तास थांबून गार होऊ द्यायचं, पुन्हा वीस मैल. असं करत पाचशे मैल झाले की आतलं ऑइल काढून नवं घालायचं, कारण जुन्यात धातूचा कीस उतरलेला असतो. हा नियम माझा नाही, सगळ्या धंद्याचा आहे. तुझ्या दारापासून माझं दार पाचशे चाळीस मैल भरतं. मी मोजलं. ऑइल माझ्याकडे असतं.

तोवर एवढं कळव: मागच्या सीटवर सामान किती असेल? कार्ब्युरेटर मूळचाच आहे का? टायरात हवा किती ठेवतोस?

तुझा
एल्विन

•

हार्मन्स ग्रोव्ह
१४ सप्टेंबर

एल्विन,

सामान एक बॅग. कार्ब्युरेटर मूळचा. हवा बत्तीस. याचा गिअरशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण तू पंडित आहेस.

दुसरं चाक उचलतो. खुबा मे महिन्यातच बरा झाला होता. मार्लिसला आर्व्हाडात एका बेकरीच्या वरच्या दोन खोल्या मिळतायत, शाळेच्या स्वयंपाकघरात कामही. खोल्यांचं हो की नाही तिला पंधरा ऑक्टोबरला सांगायचंय. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, निदान कशावरून ते तरी कळलं असतं.

जूनमध्ये मी फोनवर म्हटलं, "मी न्यायला येऊ का?"

म्हणाली, "कशानं?"

म्हटलं, "डॉजनं. अजून कशानं?"

मग म्हणाली, "गेलन, सत्तावीस वर्षं त्या गाडीत तुझ्या शेजारी बसून मी काही ना काही सांगत आले. तू मान हलवायचास. तुला एक शब्द ऐकू येत नव्हता हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं. पुढे मी नुसतेच ओठ हलवायला लागले, तरी तू मान हलवायचास."

मी म्हटलं, दुसरी गाडी घेतो. तर म्हणाली, "नको. तीच घेऊन ये. आत बसून बोलता येईल अशी करून आण, नाहीतर येऊ नकोस."

म्हणून आकडा विचारला होता. ठीक आहे, आता तुला सगळं माहीत आहे. खोकं कधी येतंय?

गेलन

•

रोझ क्रीक
२२ सप्टेंबर

प्रिय गेलन,

पत्र मिळालं. त्यावर काही शहाणपणाचं लिहावं असं वाटलं आणि दोन कागद फाडले.

माल यायचाय. उशीर होतोय खरा. तुझ्याकडे मागच्या रिमची रुंदी किती आहे, तेवढी कळवलीस तर बरं.

इकडे ज्वारीची कापणी सुरू झाली. काल दिवसभरात दुकानात एकच माणूस आला, तोही रस्ता विचारायला. मी त्याला नकाशा काढून दिला, मग दुसरा जवळचा रस्ता दाखवला, मग तिसरा. शेवटी तो म्हणाला, "काका, मला फक्त पेट्रोल पंप हवाय." समोरच आहे.

तुझा
एल्विन

•

हार्मन्स ग्रोव्ह
२९ सप्टेंबर

एल्विन,

रिमची रुंदी मोजणार नाही.

पाच तारखेपर्यंत खोकं आलं नाही तर मी मार्लिसला फोन करून सांगतो की खोल्या घे. तुझ्यावर राग नाही. माझंच उशिरा सुचलं, सत्तावीस वर्षं उशिरा, त्यात तुझे चार आठवडे काय मोजायचे.

गेलन

•

रोझ क्रीक
१ ऑक्टोबर

प्रिय गेलन,

हे पत्र खोक्याच्या आत, वरच ठेवलंय. तेल लागलं असेल तर माफ कर.

आधी सुई, मग कढई, असा एक न्याय आम्हाला शिकवायचे: दोन कामं असली तर लहान काम आधी उरकावं. तेव्हा लहान काम आधी. तुझा नवा क्राउन-पिनियन अकरा सप्टेंबरलाच आला होता. तीन आठवडे तो माझ्या बाकावर होता. मी रोज सकाळी फडक्यानं पुसून परत ठेवत होतो. बावीस तारखेला "माल यायचाय" असं लिहिलं तेव्हा तो माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर होता.

कारण विचारशील. टायरातल्या हवेचा गिअरशी काय संबंध, असं तू विचारलंस. काहीही नाही. पण तू उत्तर पाठवलंस, आणि दर दहा-बारा दिवसांनी माझ्या पेटीत बिलाशिवाय दुसरं काहीतरी पडू लागलं. खोकं गेलं की हे थांबेल, एवढाच माझा हिशोब. तुझ्याकडे पंधरा तारीख आहे हे कळल्यावरही मी आणखी एक आठवडा काढला. याला संस्कृतात शब्द आहेत, त्यांतला एकही चांगला नाही.

आता मोठं काम. नवा गिअर पाठवण्यात आता अर्थ नाही. तो जुळवून बसवायलाच तुझे आठ दिवस जातील, वर दर वीस मैलांना गार करत न्यायचा म्हणजे तू आर्व्हाडाला वेळेत पोचत नाहीस. आणि नियम न पाळता सलग दामटलास तर कॅन्ससच्या मध्यावर दात भाजतील. म्हणून खोक्यात नवा नाही. माझ्या अडुसष्टच्या प्लिमथमधून आख्खा जोड उतरवून दिलाय. तोही २.७६, तुझ्या मागच्या एक्सलच्या घरात नेमका बसतो. एकेचाळीस हजार मैल हे दात एकमेकांबरोबर फिरलेत, त्यांना आता कुणी काही शिकवायला नको. बोल्ट आवळ, ऑइल भर, आणि नीघ. ऑइल बदलायला कुठेही थांबायची गरज नाही.

हे वाक्य मी विचार करून लिहिलंय.

सोबतच्या लिफाफ्यात स्पीडोमीटरचा प्लास्टिकचा छोटा गिअर आहे. तो आधी बदल, नाहीतर काटा खोटं बोलेल. आणि काट्यापेक्षा जास्त खोटं तुझा उजवा पाय बोलेल. त्याला एकतीसशे फेऱ्यांचा आवाज ऐकायची सवय आहे. नव्या गिअरमध्ये तो आवाज नव्वद मैलांना येतो. सांभाळ.

नवा जोड मी माझ्या गाडीत बसवून घेईन. कधी निघतोस तेवढं कळव.

एल्विन

•

(पोस्टकार्ड)

८ ऑक्टोबर

खोकं चार तारखेला आलं. बसवलं. शुक्रवारी, दहाला निघतो. टोपीकात मुक्काम. शनिवारी सकाळी आठला तिथून निघून दहाच्या सुमारास तुझ्या फाट्यावर. कॉफी ठेव. गे.

•

आर्व्हाडा, कोलोरॅडो
१४ ऑक्टोबर

एल्विन,

तू कॉफी ठेवली असणार. मला माहीत आहे.

मिझुरीत पोलिसानं पकडलं. नव्वद. मी त्याला म्हटलं, साहेब, आवाजावरून मला पासष्ट वाटत होते. तो म्हणाला, आजवर ऐकलेल्या सबबींमध्ये ही नवीन आहे, आणि तरी पावती फाडली. पुढे सगळा रस्ता काट्यावर नजर ठेवून पासष्टला चालवली. त्यातही टोपीकाहून मी साडेसातलाच निघालो, झोपच येत नव्हती.

तुझ्या फाट्याच्या मैलभर अलीकडे मी उजवा इंडिकेटर लावला. आणि तो ऐकू आला. टक, टक, टक. सत्तावीस वर्षांत त्या गाडीत मी तो कधी ऐकलेला नव्हता. त्याला आवाज असतो हेच मला माहीत नव्हतं. तो ऐकत राहिलो. तेवढ्यात असं मनात आलं की तुझ्याकडे वळलो तर दोन दिवस निघणार नाही. आपण बसून गिअरवर बोलू, फार बरं वाटेल, आणि मग तिच्यासमोर उभा राहीन तेव्हा तोंडात फक्त गिअर असतील. इतकी वर्षं मी हेच केलंय. फाटा आला तेव्हा इंडिकेटर बंद केला.

खरं तर त्यात विचार वगैरे कमी होता, भीती जास्त.

मार्लिसनं अंगणात येऊन गाडीभोवती एक फेरी मारली. मग आत येऊन बसली. आम्ही गावाबाहेरच्या तळ्याला वळसा घालून आलो. मग म्हणाली, "हीटरच्या पट्ट्या खडखडतायत."

मी म्हटलं, "हो. ऐकू येतंय."

म्हणाली, "मी चौऱ्याऐंशीपासून सांगतेय."

मग दुसऱ्या फेरीला आईबद्दल बोलली. नव्वद साली तिची आई गेली तेव्हा दवाखान्यातून परत येताना तिनं मला काय सांगितलं होतं, ते पुन्हा सांगितलं. म्हणजे पुन्हा तिच्यासाठी. माझ्यासाठी पहिल्यांदा. ते इथे लिहीत नाही.

खोल्या नकोत असं तिनं आज कळवून टाकलं. शनिवारी निघतो. नेब्रास्कातून जाणार, तिची मावसबहीण आहे वाटेत. म्हणजे तुझ्याकडून जाणं होत नाही. मी तिला म्हटलं की एल्विनकडे जाऊ, तर म्हणाली, आधी घरी.

तुझा जोड उत्तम चालतोय. आणखी काय लिहू?

गेलन

•

आंतरराज्य हायवे सत्तरवरचा पूल, रोझ क्रीकच्या पूर्वेला
१९ ऑक्टोबर

प्रिय गेलन,

क्षमा मागण्यासारखं तू काही लिहिलेलं नाहीस, तेव्हा तो विषय सोडून देऊ. "कुठेही थांबायची गरज नाही" असं लिहिणारा मीच. गिऱ्हाइकानं सूचना तंतोतंत पाळली, की कारागिरानं तोंड पाडू नये.

आता त्या जोडाविषयी दोन गोष्टी. एक, तू पेडलवरून पाय काढतोस तेव्हा मागून बारीक शीळ येते. ती दातांची नाही, पुढच्या सीलची आहे. घरी गेल्यावर बदल, घाई नाही. दोन, पासष्टला बावीसशेच्या आसपास फेरे पडतायत. माझं गणित बरोबर होतं.

हे मला कसं कळलं, याला काकतालीय म्हणू नकोस. कावळा बसायला आणि फांदी मोडायला अशी गाठ पडली नव्हती. कावळा दीड तास आधीपासून येऊन बसला होता. तू दहा लिहिलं होतंस. मी तुझा उजवा पाय ओळखून सव्वाआठलाच या पुलावर आलो. हायवे खालून जातो. थर्मास आणला होता, आणि दोन कप. पूर्वेकडे चार मैल सरळ दिसतं. पावणेदहाला तू दिसलास. हिरवा रंग अजून चांगला ठेवलायस.

मग उजवा दिवा लुकलुकायला लागला. तो पाहिल्यावर मी काय केलं ते सांगतो. थर्मास काखोटीला मारून माझ्या गाडीकडे धावलो, बावन्न वर्षांचा माणूस, कारण तू वळून दुकानापाशी येण्याआधी मला तिथे पोचायचं होतं. बाकावर बसून "अरे, आलास वाटतं" असं म्हणायचं होतं. गाडीच्या दाराला हात घातला आणि मागे वळून पाहिलं, तर दिवा बंद झालेला. तू पुलाखालून निघून गेलास. मी दुसऱ्या कठड्यापाशी जाऊन ऐकत राहिलो. गाडी बराच वेळ दिसते इथून, पण ऐकू येईनाशी फार लवकर होते. याचा अर्थ गिअर योग्य निवडला होता.

तू दिसलास तेव्हाच भरलेला दुसरा कप मी तसाच घरी नेला. आता भरला आहे म्हटल्यावर ओतायचा कसा, असं वाटलं.

मार्लिसला सांग, हीटरच्या पट्ट्यांखाली नमद्याचा तुकडा घाल म्हणावं, खडखड थांबेल. किंवा राहू दे. सांगू नकोस.

तुझ्यासाठी आणलेला नवा जोड माझ्या प्लिमथमध्ये बसवला. त्यामुळे पाचशे मैलांचा नियम आता मला लागू आहे. वीस मैल जातो, अर्धा तास गार करतो, वीस मैल परत येतो. आजवर दोनशे ऐंशी झाले. कुठे जायचं असं काही नसतं, तेव्हा फिरून फिरून या पुलावरच येतो. थांबायला जागा बरी आहे, आणि खालून लोक जात असतात. त्या अर्ध्या तासात करण्यासारखं काही नसतं. बॉनेट ऊबदार असतं, त्यावर कागद ठेवला की एक पत्र होतं, बरोबर एवढंच.

आता खाली वाकून मागच्या गिअरच्या घराला हात लावून पाहिला. गार झालंय. निघतो.

एल्विन